ज्याचं त्याचं पॅनेल

३ फेब्रुवारी

आज चार भांडणं झाली, त्यातली तीन मी जिंकले. चौथं इंजिनिअरशी होतं. तो वीज कंपनीचा माणूस, त्याच्यापुढे कोण जिंकणार? पण त्याचा चेहरा पडला, तेवढ्यावर समाधान मानलं.

ही वहीसुद्धा कंपनीचीच. प्रत्येक पानावर दोन रकाने छापलेले आहेत: मागील रीडिंग, चालू रीडिंग. एकोणीस वर्षं मी दारोदार फिरून मीटर वाचले. मग आपोआप आकडे पाठवणारे मीटर आले आणि माझ्या हातात निरोपाचा कागद पडला. वह्या परत मागायला मात्र ते विसरले. रोज काहीतरी लिहिल्याशिवाय हाताला चैन पडत नाही, म्हणून आता रकान्यांवरून आडवं लिहिते. कुत्र्यांना हाकलायची काठीही माझ्याकडेच राहिली. टोकाला लोखंडी कडं आहे. अजून ती घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर आता दोनशे चाळीस सौर पॅनेलं उभी आहेत. ज्यांना स्वतःचं छप्पर नाही त्यांनी तिथे वाटा घ्यायचा. तयार होणारी वीज कंपनीच्या तारांत जाते आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची युनिटं त्याच्या बिलातून वजा होतात. पण माणसं गोळा कोण करणार? कुणाचा मीटर कुठल्या जिन्याखाली आहे हे जिला पाठ आहे तीच. म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं. हाक अजून मीटरबाई अशीच मारतात.

अडचण एकच, विश्वासाची. शिंपीणकाकू म्हणाल्या, "अगं, नदीत तांब्या ओतायचा आणि नळाला येईल म्हणून वाट बघायची, असं झालं हे. माझा तांब्या कुठला ते कसं कळणार?"

त्यावर मी उपाय काढला. प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर ज्याच्या त्याच्या मीटरचे शेवटचे चार आकडे पांढऱ्या ऑइलपेंटने लिहायचे. इंजिनिअर तडकला. "बाई, असं एकेकाचं पॅनेल नसतं. सगळी वीज एकत्र होते. रांगेतलं एक बिघडलं तर सगळ्या रांगेची घटते. तुम्ही लोकांच्या डोक्यात भलतंच भरवताय."

मी म्हटलं, "साहेब, हाताला लागल्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही. एकोणीस वर्षं दारं वाजवली आहेत मी."

आकडे लिहायचं ठरलं की लगेच सव्वीस अर्ज आले. आता बोला.

१२ फेब्रुवारी

रंगवून झालं. धाकट्याने दोन दिवस सुट्टी काढून सगळे आकडे लिहिले. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे. माझा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच वाढवला, त्यामुळे त्याच्यावर ओरडायचा हक्क माझा. चौतिशीला आला तरी तो हक्क मी सोडलेला नाही. जनरेटरवाल्याकडे मेकॅनिक आहे. आमच्याकडे वीज गेली की बाजारातल्या दुकानांना डिझेलची वीज पुरवतो तो जनरेटरवाला. लोकांची अडचण ही त्याची दिवाळी.

माझ्या मीटरचा आकडा, ४४१७, धाकट्याने सगळ्यात वळणदार काढला. काम करताना म्हणाला, "ताई, ही काच मधोमध ठोकलीस तर सहज फुटायची नाही. पण कोपऱ्यात एक टिचकी मार, सगळी एकदम चुरा होते. बसच्या काचांचं असंच असतं." याला असलं बरंच माहीत असतं.

मग ब्रश धुताना हळूच म्हणाला, "इथे तंत्रज्ञ लागणार ना? मला घे. त्या डिझेलच्या धुरात छाती गेली माझी."

मी स्पष्ट सांगितलं. सचिवबाईने भावाला चिकटवला म्हणून उद्या सगळं गाव माझ्या नावाने बोटं मोडेल. बाहेरचा माणूस घ्यायचा ठरलंय. तो हसला. म्हणाला, "तुझं बरोबर आहे, ताई." समजूतदार पोर आहे. वाढवलंच तसं.

२६ फेब्रुवारी

जनरेटरवाला स्वतः घरी आला! हातात अर्ज. बायकोच्या मीटरवर दोन पॅनेलांचा वाटा हवा म्हणे.

मी तोंडावर सांगितलं, "चोराच्या हाती किल्ल्या द्यायला मी खुळी नाही."

तो शांतपणे म्हणाला, "बाई, मला तुमची कसली भीती? तुमची पॅनेलं बिल कमी करतात, वीज जायची थांबवत नाहीत. गावातली वीज गेली की तुमचा प्रकल्पही बंद पडतो. तेव्हा माझंच चालतं. मला फक्त घरचं बिल कमी करायचंय."

बघा केवढा माज! "तुमचा बंद पडेल" असं माझ्याच ओट्यावर बसून सांगतो. मी अर्ज फाडला आणि त्याच्या पायाशी टाकला. अर्जावरचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्याच्याकडे कुणी कारकून आहे वाटतं.

९ मार्च

उद्घाटन झालं. नव्या तंत्रज्ञाच्या हातात टाळ्यांच्या गजरात फाटकाची किल्ली दिली. दुसरी किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. धाकट्याने खुर्च्या लावल्या, नंतर उचलल्याही. जेवला नाही, डोकं दुखतंय म्हणाला. उन्हात उघडं डोकं घेऊन फिरतो, दुसरं काय होणार.

२३ मार्च

दर रविवारी जत्रा असते. सभासद येतात आणि आपापलं पॅनेल पुसतात. शिंपीणकाकू घरून मऊ कापडाचे तुकडे आणतात, लेकराचं तोंड पुसावं तसं पुसतात. बेकरीवाल्याची दहा आहेत. तो दहाच पुसतो आणि अकरावं लॉन्ड्रीवाल्याचं म्हणून त्याच्या अलीकडे फडकं पिळून निघून जातो. आज पिळलेलं पाणी लॉन्ड्रीवाल्याच्या काचेवर गेलं. त्याने बेकरीवाल्याची कॉलर धरली. मी दोघांच्या पोटऱ्यांवर एकेक काठी दिली तेव्हा सुटले. मोठी माणसं, पण काठीची भाषा लवकर कळते.

इंजिनिअर सगळं बघत उभा होता. बोलायला तोंड कुठे उरलंय त्याला, एकशे बारा घरं झाली आहेत माझी.

२ एप्रिल

तीन पॅनेलं फोडली.

दुपारी वीज गेली होती. बाजारातले सगळे जनरेटर धडधडत होते, त्या आवाजात काही ऐकू आलं नाही कुणाला. मी चारला गेले तर ४४१७ चा चुरा. माझंच. शेजारचं शिंपीणकाकूंचं एकुलतं एक आणि पलीकडचं बेकरीवाल्याचं. तिन्ही काचांवर कोपऱ्यात एकच घाव, आणि तिथून बारीक बारीक तडे सगळीकडे पसरलेले. काकू खाली बसून काचेचे कण पदरात गोळा करत होत्या. मी त्यांच्यावरच ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

फाटकाचं कुलूप शाबूत होतं.

मैदानाच्या राखणदाराला विचारलं. तो जेवायला बसलो होतो म्हणाला. मी म्हटलं, कुलूप न तोडता आत कोण येतं? तो म्हणाला, "बाई, आत तर फक्त तुमच्या घरचे..." पुढचं मी ऐकून घेतलं नाही. माझ्या घरावर घालतो? काठी त्याच्या खांद्यावर बसली, मग पाठीवर. तो आडवा पडला तरी मी थांबले नव्हते, तंत्रज्ञाने हात धरला. राखणदाराच्या गळपट्टीचं हाड मोडलंय म्हणे. दवाखान्याचं मी बघेन. पण झोपा काढायला ठेवलं नव्हतं त्याला.

धाकटा उशिरा आला. तळहाताला चिंधी गुंडाळलेली. पंख्याचा पट्टा तुटून लागला म्हणाला. मीच हळद भरली. मी पॅनेलांचं सांगत होते, तो माझ्याकडे एकटक बघत होता. जेवण होईपर्यंत बघत होता. बिचाऱ्यालाही धक्का बसलाय.

५ एप्रिल

जे व्हायला नको ते झालं. बेकरीवाला म्हणतो, माझंच कसं फुटलं, लॉन्ड्रीवाल्याचं एकही कसं नाही? म्हणजे त्यानेच केलं. सकाळी मैदानावर आला तो हातात भट्टीची सळई घेऊन. लॉन्ड्रीवाल्याच्या देखत त्याची दोन फोडली. लॉन्ड्रीवाल्याने त्याला पाडून त्याच्या छातीवर बसून तोंड ठेचलं, पुढचे तीन दात मातीत पडले. मग बेकरीवाल्याचा मेहुणा आला, लॉन्ड्रीवाल्याचा मुलगा आला, आणि फुटलेल्या काचांवर माणसं लोळली. एकाचा कान अर्धा लोंबत होता. संध्याकाळपर्यंत अकरा पॅनेलं गेली. ती आमच्याच सभासदांनी फोडली, आकडे वाचून वाचून.

इंजिनिअरचा फोन आला. कंपनी परवानगी काढून घ्यायच्या विचारात आहे. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. मी फोन आपटला.

माझ्या हातातून सगळं चाललंय. एकशे बारा घरं मी एकेक करून आणली, पायाच्या टाचा झिजवून. असं जाऊ देणार नाही.

८ एप्रिल

शाळेच्या वर्गात सभा घेतली. बेकरीवाल्याची माणसं एका भिंतीला, लॉन्ड्रीवाल्याची दुसऱ्या. मधे मी. एक ठिणगी पुरे होती. तेव्हा मी विचारलं, "आपण एकमेकांचे दात पाडतोय, हसतंय कोण?" मी म्हटलं, "दोन तारखेला वीज गेली तेव्हा कुणाचे जनरेटर चालू होते? मोडतोडीचा आवाज कुणाच्या आवाजात बुडाला?"

एवढं पुरलं. दोन्ही भिंती एक झाल्या. बेकरीवाल्याने लॉन्ड्रीवाल्याच्या पाठीवर हात ठेवला.

मागून धाकटा उभा राहिला. "ताई, मला बोलायचंय." मी म्हटलं, तू त्याच्याकडे नोकरीला आहेस, तुझं बोलणं इथे चालणार नाही, बस खाली. तो उभाच. मी पुन्हा ओरडले, "बस म्हटलं ना!" बसला. नमकहलाल आहे, पण बाजू कुणाची घ्यायची ते कळायला हवं माणसाला.

९ एप्रिल

लिहिते. झालं तसंच लिहिते.

सकाळी दहाला आम्ही साठएक जण निघालो. जाब विचारायला, एवढंच ठरलं होतं. जनरेटरवाला शेडच्या दारात चहा पीत होता. मी म्हटलं, "कबूल कर." तो म्हणाला, "बाई, घरी जा. आपलं घर आधी बघा."

घर! तोही घरच काढतो. मी काठी फिरवली. कडं त्याच्या कानाच्या वर बसलं. नारळ फुटावा तसा आवाज आला. तो पायरीवर बसला, कप अजून हातात होता, आणि मानेवरून रक्त शर्टात उतरत होतं. तो माझ्याकडे बघत "अहो" म्हणाला. नुसतं "अहो."

मग सगळे तुटून पडले. बेकरीवाला, लॉन्ड्रीवाला, खांद्याला खांदा लावून. लाथा, सळया. कुणीतरी बॅरलचा नळ उघडला. डिझेल पायांखालून वाहत गेलं. कुणीतरी पेटवलं. आधी निळसर, मग एकदम उभी भिंत. सगळे मागे पळाले, तो आतल्या बाजूला राहिला.

धाकटा मागच्या दाराने आत शिरला. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होते. त्याने मालकाला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. वाटेत जळता वासा पडला तो त्याने हातांनी उचलून बाजूला केला. बाहेर आल्यावर त्याच्या हातांची कातडी मोज्यांसारखी लोंबत होती. तो ओरडला नाही. जनरेटरवाल्याला जमिनीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन काठी धुतली. दारामागे उभी केली.

११ एप्रिल

जनरेटरवाला गेला.

१२ एप्रिल

फौजदार येऊन गेले. मी सांगितलं, गर्दी होती, कुणी मारलं दिसलं नाही. पॅनेलं मात्र त्याच्याच माणसांनी फोडली हे लिहून दिलं, सही केली. सगळ्यांनी हेच सांगितलंय.

बेकरीवाला पाव घेऊन आला होता. दात नसल्याने शब्द फुसफुसत निघतात. म्हणाला, "मीटरबाई, आता आपण सगळे एक. साठ जणांच्या गर्दीत कुणाचा फटका कुठला, हे कोण सांगणार? ते तुमचे इंजिनिअर सांगतात ना, वीज सगळी एकत्र होते, तसंच." आणि हसला. पाव मी कुत्र्यांना घातला.

१८ एप्रिल

इंजिनिअर येऊन सगळे आकडे पुसायला सांगून गेला. काळा रंग मारला. परवानगी राहिली. लोक म्हणतात, मीटरबाईने वाचवलं. मला आनंद व्हायला हवा.

धाकट्याला रोज भरवते. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत आहेत. डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची बोटं मिटणार नाहीत. मालकासाठी आगीत उडी टाकली त्याने. मी सगळ्या नर्सना अभिमानाने सांगते, की माझा भाऊ आहे. तो तोंड भिंतीकडे वळवतो.

२१ एप्रिल

दवाखान्यात त्याचं ओळखपत्र हवं होतं. ते त्याच्या पेटीत, कामाच्या जुन्या पँटच्या खिशात असेल म्हणून पँट उचलली. दुमडलेल्या पायाच्या टोकातून काहीतरी फरशीवर सांडलं.

काचेचे कण. डाळीएवढे, कडा बोथट. मी ते वेचून ताटलीत ठेवले. एकोणतीस होते.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. कोपऱ्यातली टिचकी. खिळ्यावरची किल्ली. तळहाताची चिंधी. राखणदाराचं अर्धं वाक्य. अर्जावरचं अक्षर. सगळं माझ्याच हातचं आहे, तारखेसकट. लिहिताना मला काहीच कसं दिसलं नाही? भाकरी तव्यावर करपून गेली, वास येऊनही मी उठले नाही.

२२ एप्रिल

विचारलं. "तूच ना?"

त्याने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "पहिलं तुझं फोडलं. तेवढ्याने बरं वाटेल असं वाटलं होतं. मग म्हटलं, एकटं तुझंच फुटलेलं दिसलं तर तुला लगेच कळेल. म्हणून शेजारची दोन."

"मला कळलं नाही रे."

"माहीत आहे. मी आठवडाभर वाट बघत होतो. वाटलं, ताई आता विचारेल. रोज जेवताना वाटायचं."

"मग सांगायचंस ना! सभेत तरी तोंड उघडायचंस!"

"उभा राहिलो होतो, ताई. तू बस म्हणालीस."

मी पदर तोंडात कोंबला. तो म्हणाला, "मालकाला मी त्याच रात्री सांगितलं होतं. म्हणाले, ताईला तू स्वतः सांग, मी सांगितलं तर खरं वाटायचं नाही. तो अर्ज पण मीच भरून दिला होता त्यांना. वाटलेलं, तू माझं अक्षर ओळखशील."

जन्मात कधी कुणासमोर रडले नव्हते. आज नर्स आत येऊन परत गेली इतकी रडले.

२३ एप्रिल

सकाळी जनरेटरवाल्याच्या घरावरून गेले. दार उघडं होतं. त्याची बायको जमिनीवर बसून त्याचे शर्ट एकावर एक ठेवत होती. आत जायचं धैर्य झालं नाही. काय सांगणार होते?

धाकट्याला सांगितलं की मी वही फौजदारांना देणार आहे. म्हटलं, तुझी पानं फाडून टाकते. पॅनेलं कुणी फोडली ते राहू दे अंधारात.

तो म्हणाला, "माझी पण राहू देत." मग म्हणाला, "पण आधी पाणी पाज."

चमच्याने पाणी पाजलं. अर्धं हनुवटीवरून सांडलं, ते पुसलं. तो झोपल्यावर घरी आले.

थोड्या वेळाने दारात बेकरीवाला आणि लॉन्ड्रीवाला दोघे येऊन उभे राहिले. कुणकुण लागली असणार. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "बाई, शहाण्यासारखं वागा. एवढ्या हातांत तुमचा हात कुणाला सापडणार आहे?" बेकरीवाल्याने वाट अडवली होती. मी दारामागून काठी काढली. तेव्हा दोघेही बाजूला झाले, जुनी सवय.

साठ जणांचे फटके एकत्र झाले असतील. पण कानाच्या वरचा, पहिला, कप हातात असताना बसलेला, तो माझा. त्यावर आकडा लिहायची गरज नाही.

फौजदार चौकीत दहाला येतात. वही आता पिशवीत घालते. काठीही घेतली आहे, ती तिथेच ठेवून येईन.